त्येंला सांग, कर्ण्या

मित्रांनो, कराडला भामाबाईंच्या घरी दाराआडच्या खिळ्याला एक पोचे आलेला कर्णा लटकलेला दिसेल. तो मीच. मागून बोलायचं, बटण दाबायचं, की पुढून आवाज मोठा होऊन बाहेर पडतो, एवढंच मला येतं. आपण नेमके कुणाचे, हे मात्र मला कधी उमगलं नाही. भामाबाईंच्या संघटनेतल्या बायकांनी वर्गणी काढून मला सांगलीच्या दुकानातून आणलं आणि पहिल्याच महिन्यात कुणीतरी मला निवडणुकीसाठी उसनं नेलं. तिथं मी एका सावकाराचाच जयजयकार केला. मागून आलेले शब्द मी पुढे ढकलत होतो.

भामाबाई एसटीनं माण तालुक्यात गावोगाव जायच्या. तिथले बरेच पुरुष मुंबईला असायचे आणि घरी बायका शेळ्या राखायच्या. अडीनडीला सावकार होताच, पण त्याचं व्याज भलतं. भामाबाई माझ्यातून सांगायच्या, "अन्यायाचं व्याज देऊ नका." लोक म्हणायचे, "कर्णा लय खणखणीत हाय." मी फुशारून जायचो. व्याज म्हणजे काय, हे मला कुणी विचारलं नाही म्हणून बरं.

चौऱ्याण्णवच्या फेब्रुवारीत एका गावात लालासाहेब सावकाराच्या दारात सभा झाली. त्याच गावच्या शालूबाईनं सासूच्या दुखण्यापायी त्यांच्याकडून पैसे काढले होते आणि गाभण शेळी गहाण ठेवली होती. शेळी सावकाराच्याच गोठ्यात व्याली. पुढे पैसे फिटले. शेळी ने, पण दोन्ही करडं व्याजात राहतील, असा निरोप आला. शालूबाईचं पुढचं सगळं साल त्या करडांवर होतं.

भामाबाई माझ्यातून बराच वेळ बोलल्या. लालासाहेब पान लावत ऐकत होते. मग म्हणाले, "बाई, तुमी कराडच्या. माझ्या भावकीतलं कुणी तक्रार करतंय का? करा म्हणावं माझ्यासमोर."

मेख इथेच होती. लालासाहेब शालूबाईचे थोरले चुलत दीर. थोरल्या दिरासमोर तोंड उघडायचं नाही, ही त्या घराची रीत. काही सांगायचंच असेल तर एखाद्या पोराला मध्ये घालून सांगायचं, आणि पोरं त्या वेळी शाळेत होती.

भामाबाईंनी मला शालूबाईच्या हातात दिलं. तिनं मला उलटंच धरलं. लालासाहेबांकडे पाठ केली, पदर पुढे ओढला आणि माझ्या रुंद तोंडाकडे बघत हळूच म्हणाली, "कर्ण्या, भावजींस्नी सांग. शेळी गहाण ठेवली हुती. करडं ठेवली न्हवती."

मी पार गोंधळलो. आजवर सगळे माझ्यातून बोलले होते, माझ्याशी कुणीच नाही. आणि सांगू तरी कसा? शब्द भलत्याच बाजूनं आले होते, बटणही दाबलेलं नव्हतं. भामाबाईंचा हात मला फिरवायला पुढे आला आणि तसाच थांबला. सभा चिडीचूप झाली होती.

"त्येंला सांग, शेळीला चारा मीच रोज आणून घातला. दूध त्येंच्या घरानं प्यालं. आनी व्याज कशाचं ऱ्हायलं?"

सगळी भावकी आता माझ्याकडे बघत होती. लालासाहेबांची पंचाईत झाली. धाकट्या भावजयीला तोंडावर उत्तर देणं त्यांच्याही रीतीत बसेना. ते खाकरले आणि माझ्याकडेच बघून म्हणाले, "तिला सांग, करडं बी घिऊन जा म्हणावं."

शालूबाई गोठ्याकडे निघाली तशी मागून भावकीतल्याच धोंडुबाई उठल्या. "आता माज्याकडं द्या त्येला. ऱ्हाऊ द्या तसाच, उलटा."

मित्रांनो, पुढे सेल माझ्या आतच राहिले, त्यांना पाणी सुटलं आणि मी कायमचा मुका झालो. काम झालं की सेल काढून ठेवत जा, एवढी काळजी तरी घ्या. भामाबाई आल्यागेल्याला सांगतात, "ह्या कर्ण्यानं करडं सोडवली." ते ऐकून मी अजून गोंधळतो. मी तर तेव्हा बंद होतो. म्हणून ज्याचा आवाज बारीक आहे, त्याच्यासाठी कर्णा शोधत फिरू नका. आधी तुम्ही गप्प बसून बघा.