साहेबांची भूमिपूजनाची कुदळ

मी एक जुनी कुदळ आहे, पण माझं टोक बघाल तर म्हणाल, ही तर कालच दुकानातून आणलेली दिसते. मित्रांनो, याचीच मला लाज वाटते.

मानवतच्या एका लोहाराने मला घडवलं आणि माणिकरावांनी विकत घेतलं. तेव्हा ते नुसते माणिकराव होते, तरणेताठे. गावच्या विहिरीतला गाळ काढायला ते स्वतः उतरले आणि दिवस मावळेपर्यंत माझ्यासोबत खपले. हाताला फोड आले तरी हसत होते. त्याच वर्षी ते आमदार झाले आणि कोणीतरी म्हणालं, "ही कुदळ लय गुणाची हाय सायेब, हिला सोडू नका."

झालं! मी गाडीत जाऊन बसले. साहेब पाच वेळा निवडून आले. रस्ता असो, पाण्याची टाकी असो, भूमिपूजनाला मीच. मला चंदेरी रंग लागला, दांड्याला रिबीन आली. हळद-कुंकू, नारळ, एक हलकासा घाव, टाळ्या, फोटो. मग ड्रायव्हर परमेश्वर मला फडक्याने पुसून पुन्हा डिकीत ठेवायचा.

पाथरीजवळच्या एका वस्तीला ओढ्यावर पूल हवा होता. तिथे आम्ही दोनदा नारळ फोडून आलो होतो. यंदा तिसऱ्यांदा गेलो. दर वेळी साहेबांना ओवाळणाऱ्या म्हाताऱ्या कडूबाईंनी आरतीचं ताट खाली ठेवलं.

"सायेब, ह्या पुलाचं खोबरं लय खाल्लं आमी! वढ्याला पाणी आलं की माजी नात घरी बसती. दहावीला हाय निकिता."

"करायलोत ना मावशी, प्रस्ताव वर गेलाय."

"मग आज एकच घाव नका घालू. खंदा जरा."

साहेबांनी जाकीट काढलं. चार-पाच घावांतच त्यांना धाप लागली आणि ते दरडीवर बसले. खड्डा कसला, नुसता ओरखडा उठला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी कडूबाईंनीच त्यांना तांब्याभर पाणी दिलं.

मान वर न करता साहेब म्हणाले, "मावशी, कुदळ ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. पूल झाला की मागायला येतो."

परमेश्वर फडकं घेऊन आला होता, तो तसाच परत गेला.

आता वस्तीतली माणसं माझ्याने दरड फोडून पायवाट करायला लागली आहेत. शाळेतून आली की निकिताही दोन घाव घालते. पण पाणी चढलं की ती वाट बुडते आणि पोर घरी बसते. पूल अजून नाहीच, त्यामुळे माझी लाजही गेलेली नाही. चंदेरी रंग तेवढा उडालाय, टोक आत्ता कुठे जरा झिजायला लागलंय.

वस्तीतल्या माणसांनो, तुमच्याकडे एवढंच मागते. उद्या साहेब मला न्यायला आले, तर आधी पूल बघा, मगच मला द्या. आणि देताना माझी माती पुसू नका.