कातळगावचा दम

एकोणीसशे सदुसष्टच्या माघात दहिवलीच्या मैदानावर आमचा सहदेव दम सुटून बाद झाला. त्याला कुणी धरलाही नव्हता. चढाईत एका गड्याला शिवून तो वळला, आणि मध्यरेषा चार पावलांवर असताना त्याच्या तोंडातलं 'कबड्डी' तुटलं. गुडघ्यांवर हात टेकून तो तिथंच उभा राहिला. ओठ पांढरेफटक पडले होते.

सामना गेला. हे काही नवं नव्हतं. पाच वर्षं आम्ही पहिल्या डावात पुढं असायचो आणि दुसऱ्यात आडवे व्हायचो. कर्जत-खालापुरात आम्हाला 'अर्ध्या डावाचं कातळगाव' म्हणत. मी डाव्या कोपऱ्यात खेळायचो. पोटऱ्यांत गोळे यायचे, कानात धडधड ऐकू यायची, पण हे सगळ्यांनाच होत असेल असं मला वाटायचं.

आम्हाला खेळ शिकवणारे गोमाकाका त्या दिवशी परतीच्या वाटेवर सहदेवशी एक शब्द बोलले नाहीत. गाव जवळ आल्यावर एवढंच म्हणाले, "जिद्द नाय रं तुमच्यात."

सहदेव खाली मान घालून चालत राहिला. तो चौक गावाबाहेरच्या वखारीत लाकडं उतरवायचा, घरची भातशेतीही करायचा. कामाला तो कधी मागं हटला नव्हता.

वैशाखात आरोग्य केंद्राच्या इंदूबाई देवी टोचायला गावात आल्या. उंच, सावळ्या, फार न बोलणाऱ्या. मारुतीच्या देवळासमोर रांग लागली. सहदेवचा दंड धरल्यावर त्या थांबल्या. त्याची नखं पाहिली, मग अंगठ्यानं डोळ्याची खालची पापणी ओढली.

"काय करतोस?"

"लाकडं उतरवतो, बाई. कबड्डी खेळतो."

"तू कबड्डी खेळतोस?" त्यांनी पुन्हा पापणी ओढली. "आत लाल दिसायला हवं. तुझं चुन्यासारखं दिसतंय."

मग त्यांनी मागं उभ्या असलेल्या माझ्या आणि आमच्याच संघातल्या चांगोच्या, धाकलूच्या पापण्या पाहिल्या. पुढच्या आठवड्यात त्या एक लाकडी पेटी घेऊन आल्या. तीत काचेच्या नळ्या होत्या. बोटाला टोचून त्या थेंबभर रक्त नळीतल्या औषधात टाकत, काठीनं ढवळत थेंब थेंब पाणी घालत, आणि शेजारच्या तपकिरी काचेशी रंग जुळला की आकडा वाचत. आम्ही सातही जण ओट्यावर बसलो होतो. माझा आकडा आठ आला. सर्वांत जास्त नऊ, तो धाकलूचा. सहदेवचा साडेसहा.

"किती पायजे?" त्यानं विचारलं.

"तुझ्यासारख्या गड्याचा चौदा-पंधरा."

इंदूबाईंनी सहदेवच्या मनगटावरची नस बोटानं दाबली. "नसा तुझ्या चांगल्या आहेत. पण नस म्हणजे नुसती वाट. छातीत घेतलेला वारा त्या वाटेनं पोटरीपर्यंत नेतात त्या रक्तातल्या लाल पेशी. त्याच तुझ्याकडे निम्म्याहून कमी आहेत. म्हणून काळीज दुप्पट धावतं, तरी पायांना पुरत नाही."

गोमाकाका खांबाला टेकून ऐकत होते. "रगात नाय कमी, बाई. जिद्द कमी हाय पोरांची."

इंदूबाई उठल्या आणि त्यांचीही पापणी ओढून पाहिली. "तुमची जिद्द कधीपासून कमी आहे?"

ओट्यावर हशा पिकला. गोमाकाकांनी मात्र निमूट बोट पुढं केलं. त्यांचा आकडा सात आला.

पुढची गोष्ट सांगायला अजूनही लाज वाटते. बाईंनी सगळ्यांना काडेपेटीतून शौचाचा नमुना आणायला सांगितला. आम्ही पळवाटा शोधल्या. सहदेव तेवढा दुसऱ्या दिवशी सकाळी काडेपेटी घेऊन चार मैल चालत केंद्रावर गेला. मग आम्हालाही जावं लागलं. निकाल आला तेव्हा गोमाकाकांसकट आठांच्याही पोटात अंकुशकृमी निघाले. दोऱ्यासारखे, बोटाच्या पेराहून लहान किडे. आतड्याला तोंड लावून रोज थोडं थोडं रक्त पिणारे.

"पोटात गेले कुठून?" धाकलूनं विचारलं.

"पायातून. गाव जिथं परसाकडला बसतं त्या ओल्या जमिनीत त्यांची पिल्लं असतात. अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. पावसाळ्यात पायांना खाज सुटते ना?"

ती खाज आम्ही आजवर चिखल्यांची समजत होतो.

सहदेव पुढं सरकला. मग हळू म्हणाला, "बाई, माझी बायकू चुलीची भाजकी माती खाते. चोरून. तिचं बघाल का?"

दोघंतिघं हसले. इंदूबाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याच्या बायकोला, जनाला, बोलावलं. ती पदर दातात धरून आली. तिचा आकडा पाच निघाला.

बाईंनी नळी पुन्हा उजेडात धरून पाहिली. मग आमच्याकडे वळल्या. "तुम्ही वीस मिनिटं पळता आणि दमता. ही रोज दोन हंडे डोक्यावर घेऊन नदीवरून टेकडी चढते. त्याला कुणी टाळी वाजवली का?"

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बायकांची रांग होती. औषध साऱ्या गावासाठी आलं.

किडे पाडायचं औषध घशाखाली उतरत नव्हतं, पण एकदाच घ्यायचं होतं. लोहाच्या गोळ्या रोज. चौथ्या दिवशी शौच काळं झालेलं पाहून गोमाकाकांना वाटलं, आपलं आता भरलं. ते तडक केंद्रावर गेले. लोहानं तसं होतंच, असं सांगून बाईंनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

खरं भांडण झालं ते खड्ड्यांवरून. किडे पुन्हा नकोत तर पावसाच्या आधी संडासाचे खड्डे हवेत, असं बाईंचं म्हणणं. गाव ऐकेना. घराजवळ घाण कोण करील? शेवटी सहदेवनं पहार उचलली. त्याच्या परसात दोन हातांखाली कातळ लागला. तो तीन दिवस फोडत होता, थांबत, धापा टाकत, पुन्हा फोडत. तिसऱ्या दिवशी आम्ही सहाही जण पहारी घेऊन त्याच्याकडे गेलो. त्याचा झाला, मग माझा, मग चांगोचा. मृगापर्यंत एकवीस खड्डे झाले. चौकच्या गॅरेजवाल्याकडून जुन्या टायरच्या चपला करून आणल्या. पहिले काही दिवस सगळं गाव लंगडत चालत होतं.

आश्विनात बाई पुन्हा पेटी घेऊन आल्या. सहदेव अकरा. जना साडेदहा.

"माती?" बाईंनी तिला विचारलं.

"आता वासबी नको वाटतो," जना म्हणाली. मग पहिल्यांदाच मोकळी हसली. "सकाळी उठले का पाय जड नसतात, बाई. मला वाटायचं, बाईमाणसाचे पाय तसेच असतात."

मार्गशीर्षात सहदेवचा आकडा साडेतेरावर गेला. तो तलावाच्या बांधावरून 'कबड्डी' म्हणत धावायचा. आधी अर्ध्या बांधापर्यंत, मग पुरा बांध. गोमाकाका काठावर बसून ऐकत.

अडुसष्टचा माघ. दहिवलीला ढालीचा अंतिम सामना खोपोलीच्या संघाशी होता. सगळे कामगार गडी, अंगानं आडवे. पहिल्या डावात आम्ही पाच गुणांनी मागं पडलो. मैदानाकडेनं कुणीतरी म्हणालं, "चला, निघू या. पुढचं ठाऊक हाय."

दुसरा डाव सुरू झाला. मी कोपऱ्यात वाकलो आणि पोटऱ्यांत गोळ्याची वाट पाहू लागलो. गोळा आला नाही. आम्ही दोन पकडी केल्या, मग आणखी एक. समोर चौघं उरले. सहदेव चढाईला गेला.

तो डाव्या कोपऱ्यात शिरला, एकाला शिवला आणि परत न वळता तिथंच घुटमळला. 'कबड्डी, कबड्डी,' एकसारखं, न घाई, न ओढ. इतका वेळ की पंच वाकून त्याच्या तोंडाकडे पाहू लागले. दुसऱ्याला शिवला. तेव्हा उरलेल्या दोघांनी झेप घेतली. एकानं घोटा धरला, दुसऱ्यानं कंबर. सहदेव मातीत पडला. पण आवाज चालूच होता. त्या दोघांना घेऊन तो कोपरांवर सरकत राहिला, वीतवीत, आणि त्याचा हात मध्यरेषेवर पडला तेव्हाही ओठांवर 'कबड्डी' होतं.

चौघंही बाद. लोण. शेवटी आम्ही सहा गुणांनी जिंकलो.

आम्ही त्याला खांद्यावर घेतला तेव्हा त्याचा चेहरा लालबुंद होता. गोमाकाका पुढं आले, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "मी चुकीचं बोललो व्हतो तुला." त्यांच्यासारख्या माणसानं चारचौघांत हे म्हणणं आम्हाला ढालीपेक्षा मोठं वाटलं.

गर्दीतून जना आली. मागं गावच्या पंधरा-वीस बायका. कातळगावहून दहिवली चार कोस. वर्षापूर्वी त्यांतली एकही एवढं चालली नसती.

"कशानं आलीस?" सहदेवनं विचारलं.

"चालत."

"मधी कुठं बसलात?"

"कशाला बसायचं?"

चौककडे जाणाऱ्या एका टेंपोवाल्यानं ढाल बघून गाडी थांबवली. सगळ्यांना फुकट नेतो म्हणाला. आम्ही बायकांकडे पाहिलं.

"तुमी बसा," जना म्हणाली. "खेळून दमला असाल. आमी चालत येतो."

टेंपो रिकामाच गेला. ऊन अजून होतं. ढाल आळीपाळीनं सगळ्यांच्या डोक्यावरून आली. शेवटच्या कोसाला ती जनाच्या डोक्यावर होती, आणि तिच्या पावलाला गाठायला आम्हाला पाय उचलावे लागत होते.