समोरचा बाक

नेरिसचे बाबा, ग्विलिम, देवावर रुसले होते. देव नाहीच म्हणायचं आणि वर त्याच्यावर डूख धरायचा, हे त्यांनाच जमे. त्यांचा थोरला भाऊ एमलिन कोळशाच्या खाणीत गाडला गेला, तेव्हापासून त्यांनी चॅपलची, म्हणजे गावच्या प्रार्थनाघराची, पायरी चढली नव्हती.

आणि त्यांच्या एकुलत्या एका लेकीने शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांसाठी तत्त्वज्ञान, नीतिशास्त्र आणि धर्म हा विषय घेतला होता. तेवढं त्यांनी चालवून घेतलं. पण पुढे विद्यापीठात धर्मशास्त्रच शिकायचंय म्हणाली, तेव्हा त्यांचं डोकं फिरलं.

"आणि तेही आपला मुलूख सोडून इंग्रजांच्यात जाऊन! त्यापेक्षा माझ्यासारखं बसगाड्या दुरुस्त करायला शीक. चार माणसं घरी तरी पोचतील."

विद्यापीठातली मुलाखत शुक्रवारी होती. बाबा तिच्याशी 'मीठ दे', 'दार लाव' एवढंच बोलत. त्यांना न जुमानता ती जाऊ शकली असती. तिला तसं जायचं नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी शाळेत पालकांसमोर वादविवाद होता. मिस प्रॉसर यांच्या वर्गाचा नियम असा, की आपल्याला पटतं त्याच्या उलट बाजूच्या बाकावर बसायचं, आणि ती बाजू अशी मांडायची की ती खरोखर मानणाऱ्याने मान डोलवावी. थट्टा केली की बाई खाली बसवत. त्यामुळे देव मानणारी नेरिस 'देव नाही'च्या बाकावर होती. मागच्या रांगेत ग्रीसच्या डागांचं जाकीट घालून बाबा बसले होते. आईने त्यांना ओढून आणलं होतं.

नेरिसने पुस्तकातले मुद्दे पाठ केले होते. उभी राहिल्यावर तिने ते सोडून दिले.

"एका घरात दोन भाऊ होते," ती म्हणाली. "थोरला खाणीत अडकला. धाकटा वर उभा राहून प्रार्थना करत होता. सगळी गल्ली करत होती. थोरला मेलाच. मग धाकट्याने देव सोडला. कारण ठेवला असता, तर म्हणावं लागलं असतं की त्याने ऐकलं आणि हात हलवला नाही. तसल्या देवापेक्षा नसलेला बरा. मला वाटतं, त्या पोराने देवाची लाजच राखली."

मिस प्रॉसर हळूच म्हणाल्या, "पालकांपैकी कुणी उत्तर देणार? नियम तोच, उलट बाजूने."

ग्विलिम उठले. ते सरळ पुढे येऊन समोरच्या, देवाच्या बाकावर बसले. त्यांचे गुडघे त्यात मावेनात.

"देवाचं मला काही कळत नाही," ते म्हणाले. "पण एमलिन गेल्यावर आमच्या आईने चूल पेटवली नव्हती. चॅपलची माणसं रोज दारात मटणाचं कालवण ठेवून जायची. उपदेश नाही, काही नाही. भांडं परत द्यायला गेलो की म्हणायची, आभार त्याचे मान. मी मानले नाहीत." त्यांनी गुडघे बाकातून सोडवले. "जेवलो मात्र."

नियमाप्रमाणे आता मान डोलवायची पाळी नेरिसची होती. डोळे भरून आले होते, तरी तिने डोलवली.

घरी जाताना गाडी बाबा चालवत होते.

"शुक्रवारी किती वाजता निघायचं?" बाबांनी विचारलं.

"सातची ट्रेन आहे."

"ट्रेनबिन नको. मी सोडतो." वळण घेऊन झाल्यावर ते म्हणाले, "देव नाहीये. लक्षात ठेव."

"हो, बाबा."

"आणि तिथे कुणी त्याची थट्टा केली, तर ऐकून घेऊ नकोस."