बुधवारच्या चपला

सुगुणम्माने चर्चच्या पायरीवर चपला काढल्या, नीट शेजारी-शेजारी लावल्या आणि आत येऊन दाराजवळच्या फरशीवर बसली. शेवटच्या बाकावर तान्हीला मांडीवर घेऊन बसलेली सलोमी सरकली. दर रविवारी सरकायची, आणि दर रविवारी सुगुणम्मा हसून मान हलवायची. तिच्या करीमनगरकडच्या गावात सगळी मंडळी चपला काढून खालीच बसते, हे तिने कितीदा सांगितलं होतं. तरी बायका म्हणायच्याच, "बिचारी, संकोचते."

खिडकीतून उन्हाचा पट्टा आत आला होता. त्यात कापसाचं तूस तरंगत होतं, इतकं सावकाश, की सलोमीला वाटे, आपणही पाण्याखाली आहोत. बाहेर निजामपुऱ्यातले कापडाचे लूम खटक-खटक चालले होते. तान्हीला तो आवाज पोटात असल्यापासूनचा; लाइट गेली, लूम थांबले, की ती दचकून उठायची. त्या दिवशीही प्रवचनाच्या ऐन मध्यात लाइट गेली. तान्हीने ओठ काढले. सुगुणम्माने खालूनच हात लांबवून तिला घेतलं.

"जोजो, जोजो..."

तेलुगूतही जोजोच म्हणतात, हे सलोमीला तिच्यामुळेच कळलं होतं. तान्ही पुन्हा झोपली.

उपासना संपल्यावर सुगुणम्मा म्हणाली, "अक्का, रेशनचा साहेब बुधवारी परत येनार. दोपहरको."

सलोमीला ठाऊक होतं. सुगुणम्मा राहायची ती नाल्याकाठची झोपड्यांची ओळ उठणार होती, आणि रेशनकार्ड असेल त्यालाच दुसरीकडे जागा मिळणार होती. साहेब मागे आला तेव्हा सुगुणम्मा लूमच्या कांड्यांवर सूत भरायला गेलेली, नवरा शिफ्टला. दाराला कुलूप. 'येथे कोणी राहत नाही,' असं लिहून तो गेला. पाळकसाहेबांनी पत्र दिलं, तर म्हणाला, पत्र कोणीही देतं. ओळखीची चार माणसं दाखवा. पण त्या ओळीतली सगळी माणसं दिवसा लूमवर.

सलोमी तडक राहीबाईंकडे गेली. महिला मंडळ त्यांच्याच शब्दावर चाले.

"मावशी, या बुधवारची प्रार्थना सुगुणम्माकडे ठेवू या?"

"घरची प्रार्थना सभासदांच्या घरी होते. तिने गावच्या चर्चचा दाखला आणलाय? तीन वर्षं मागतेय मी."

"तिथले दाखला देणारे पाळक वारले ना. कुठून आणेल?"

"मग मी काय करू? नियम काय माझ्या माहेरून आलाय?"

"तो साहेबही असाच पुरावा मागतोय, मावशी. बुधवारी चार माणसं तिच्या घरी दिसायला हवीत." सलोमी तान्हीचं टोपडं उगाच सारखं करत राहिली.

राहीबाईंनी गायनाचं पुस्तक पिशवीत घातलं, बाहेर काढलं, पुन्हा घातलं.

"पोरगी भिजलीय तुझी. बघ आधी," एवढंच म्हणाल्या.

बुधवारी सलोमीच्या सांगण्यावरून बायका आल्या, पण राहीबाई नव्हत्या. सुगुणम्माने अर्धी शिफ्ट सोडली होती. जमीन सारवून, दाराशी पांढरी रांगोळी काढून ती उभी होती. दारात चपलांसाठी टाकलेली फळी पाहून पहिली बाई थबकली, वाकली, तिने चपला काढल्या. मग सगळ्यांनीच काढल्या. फळीवर बारा जोड लागले. पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे कवडसे बायकांच्या पदरांवर पडले, आणि त्या एवढ्याशा खोलीत गाणं सुरू झालं, अर्धं मराठीत, अर्धं तेलुगूत. सलोमी मात्र दाराकडे पाहत होती.

साहेब आला. काखेत फाइल. चपलांची रांग पाहून जागीच थांबला.

"इथे काय चाललंय? कोणाचं घर हे?"

गाणं मध्येच तुटलं. पाळकांचं पत्र न मानणारा हा माणूस, त्याला काय सांगायचं? सुगुणम्मा पदर सावरत पुढे आली.

"वाट द्या हो जरा."

त्याच्या पाठीमागे राहीबाई उभ्या होत्या, घामाघूम. चौकटीला धरून त्यांनी एकेक सँडल काढली, आत आल्या आणि "आई गं" म्हणत जमिनीवर टेकल्या. त्यांना खाली बसलेलं सलोमीने आजवर पाहिलं नव्हतं.

"घर हिचं," राहीबाई म्हणाल्या. "तीन वर्षं राहतेय. आम्ही पाहुण्या. नावं लिहायची तर लिहा आमची, गावातल्याच आहोत. आणि बूट काढून आत या, चहा होतोय."

साहेबाने रांगोळीकडे पाहिलं, मग फाइल उघडली. लिहिता लिहिता पुटपुटला, "प्रत्यक्ष पाहिले. राहतात." आणि खाली वाकून तो बुटाची नाडी सोडू लागला.

रविवारी सलोमीला उशीर झाला. पायरीवर सुगुणम्माच्या चपलांशेजारी आणखी एक जोड होता. आत शेवटच्या बाकावर, सुगुणम्माच्या अगदी जवळ, राहीबाई बसल्या होत्या. पाय अनवाणी.

"सरकते," त्या कुजबुजल्या. "गुडघे खाली बसू देत नाहीत मेले. म्हटलं, इथवर तरी यावं."

त्यांच्या मांडीवर सभासदांची वही उघडी होती. शेवटच्या ओळीत सुगुणम्माचं नाव, शाई अजून ओली. 'दाखला' या रकान्यात लिहिलं होतं: प्रत्यक्ष पाहिले.

बाहेर लाइट गेली. लूम थांबले. तान्ही मात्र सलोमीच्या खांद्यावर झोपलेलीच होती.