विहिरीवरची पेटी

सहदेवच्या हाताला वळण फुलांचं. अमरावतीला त्याची आई हार गुंफून विकायची, आणि हा पोरवयापासून तिच्याजवळ बसून झेंडू ओवायचा. फुलाला फूल खेटलंच पाहिजे. मधे दोरा दिसला की आई सगळं उसवायला लावायची. पुढे तो अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंगात केशवराव मिस्त्रींच्या हाताखाली विजेचं काम शिकला, पण हात माळ्याचे ते माळ्याचेच राहिले.

केशवरावांचा खाक्या निराळा. स्विच, फ्यूज, स्टार्टर कुठं बसणार हे आधी कागदावर काढायचं, मग लाकडाला भोक पाडायचं. "जड चीज खाली, तापणारी वर," ते सांगायचे. "तारेतारेत दोन बोटं जागा सोड, पत्र्यापासून तीन. उद्या कोणाचा तरी हात त्या पेटीत जाणार हाये, त्याले बी जागा ठेव." सहदेवनं पहिला बोर्ड केला तेव्हा साऱ्या तारांची जुडी करून ती मेणाच्या दोऱ्यानं आवळली होती. केशवरावांनी चाकू घेऊन दोरा कापला. "देखणं हाये लेका," ते म्हणाले, "पण मढ्यावरचा हार बी देखणाच असते."

सहदेव हसला होता. म्हातारं माणूस, बोलायचंच!

दुसरी मोठी लढाई संपली त्या साली त्याच्या धाकट्या बहिणीच्या, सत्यवतीच्या मळ्यात वीज आली. मळा भातकुलीच्या वाटेवर; वांगी, पालक, थोडा शेवंतीचा वाफा. तिचा नवरा गोवर्धन हौशी माणूस. विहिरीवर मोटर बसवायची ठरली आणि तिच्या स्विच-स्टार्टरच्या पेटीचं काम घरच्याच मिस्त्रीकडं, सहदेवकडं आलं.

"दादा, पेटी लहान करा बरं," गोवर्धन म्हणाला. "विहिरीवरल्या खोपडीच्या कोनाड्यात बसली पायजे."

जावयाचा हट्ट. सहदेवनं कागद काढलाच नाही. लोखंडी पेटी वीतभर कमी केली, फौजेच्या भंगारातली जुनी तार वापरली, कारण नवी मिळत नव्हती, आणि जागा पुरेना म्हणून तारा मेणाच्या दोऱ्यानं एकत्र आवळून दाराच्या कडेनं नेल्या. पेटी उघडली की बघणारा वाहवा म्हणायचा. उरली जमिनीची तार. पत्र्यात वीज उतरलीच, तर या तारेनं ती जमिनीत जावी, फ्यूज उडावा, आणि माणूस वाचावा. त्यासाठी ही तार जोडलेला पाइप खड्ड्यात पुरून भोवती कोळसा आणि मीठ भरावं लागतं, म्हणजे माती सुकली तरी पाइपाची पकड सुटत नाही. पण भादवा होता, काळी माती ओलीचिंब. ठोकलेला पाइप तिनं असा धरला की बैलानंही उपटला नसता. सहदेवनं कोळसा आणलाच नाही. "उन्हाळ्यात रोज दोन बादल्या पाणी टाकत जाय पाइपाच्या बुडाशी," एवढं मात्र सत्यवतीला बजावलं.

वैशाखात एका सकाळी गोवर्धन पाण्यानं भरलेल्या दांडात अनवाणी उभा राहून मोटर बंद करायला गेला आणि पेटीच्या दाराला चिकटला. लोकांनी लाकडानं त्याला सोडवलं तोवर सारं आटोपलं होतं.

तिसऱ्या दिवशी राख सावडून मंडळी मळ्यातच थांबली. गोवर्धनची आई तानुबाई छाती बडवून एकच सांगत होती, "हिनं पाणी टाकलं नाई! माह्या लेकाचा घास घेतला हिनं!" गोवर्धनचा चुलता नत्थुजी शहाणा गणला जाई. तो म्हणाला, "मिस्त्री घरचाच हाये. पेटी खोलून सांगू द्या त्याले. सुनेची चूक निंगाली तं तिनं या घरात राहू नये."

सहदेवनं वीज तोडून पेटी उघडली. दार उघड-मीट करताना जुडी पत्र्याच्या धारेवर घासत होती. तारेवरचं जुनं रबर सोलवटून आतलं तांबं चमकत होतं. एका बोटाचीही जागा नव्हती. तो पाइपाकडं गेला. काळी माती चहूकडून भेगाळून मागं सरली होती, आणि हात लावला तर पाइप दुखऱ्या दातासारखा हलला. भेगांच्या आत खोलवर माती अजून ओलसर होती. पाणी पडत होतं, रोज पडत होतं, आणि भेगेतून खाली निघून जात होतं.

सत्यवतीचा कणभर दोष नव्हता. हे त्या मळ्यात एकालाच ठाऊक होतं.

"काय निंगालं?" नत्थुजीनं विचारलं.

सहदेवच्या डोळ्यांपुढं भातकुलीपासून नांदगावपर्यंत त्यानं बसवलेल्या पेट्या आल्या. बायको आली, पोरं आली. मेलेला तर परत येत नाही, असलं भेकड शहाणपणही आलं.

"पेटीत काई खोट नाई," तो म्हणाला. "पाणी... कमी पडलं असन."

सत्यवती भिंतीला टेकून बसली होती. ती उठली, पेटीपाशी आली. त्या जुडीला आवळणारी गाठ तिला ओळखीची होती. आईनं दोघांना एकाच दिवशी शिकवलेली. उघडं पडलेलं तांबं तिनं पाहिलं. मग भावाचं तोंड पाहिलं, पुष्कळ वेळ.

"हो," ती म्हणाली. "पाणी टाकाचं राह्यलं माह्याच्यानं."

तानुबाईनं हंबरडा फोडला. कोणी तरी सत्यवतीचं लुगड्यांचं गाठोडं आणून अंगणात टाकलं. आत्ता बोल, आत्ता, असं सहदेव स्वतःला म्हणत राहिला, आणि बोलला तेव्हा तोंडातून निघालं ते भलतंच.

"मी नेतो तिले घरी. ती माह्याजवळ राहीन जलमभर."

नत्थुजीचे डोळे भरून आले. त्यानं साऱ्यांदेखत सहदेवच्या पाठीवर हात ठेवला.

"भाऊ असावा तं असा," तो म्हणाला.

सत्यवतीनं गाठोडं स्वतःच उचललं. सहदेवनं ते घ्यायला हात पुढं केला, तर ती दोन पावलं बाजूला सरकली आणि एकटीच वाटेला लागली.