डोक्याला गार लागतं

नववर्षाच्या, नोरुझच्या सकाळी पांढरी व्होल्गा गाडी तीनदा खोकली आणि कूस बदलून पुन्हा झोपली.

हिवाळाभर ती गोठ्यात मेंढ्यांच्या उबेला होती. कुबातबेक शाळेत भूगोल शिकवायचा. झोपलेल्यांना उठवण्याचा त्याला बावीस वर्षांचा अनुभव होता, यश मात्र बेताचंच.

वडील दर नोरुझला याच गाडीतून आईला तळ्याकाठी नेत. ते गेल्यापासून तीन वर्षं कुबात नेत होता. यंदा बुरमा आपांनी, त्याच्या आईने, चहा ओतता ओतता सांगून टाकलं होतं, "दुपारपर्यंत उठली नाही, तर शेजारच्या रिसकुलला दे. सुटे भाग तरी कामी येतील. ह्यांचं तळ्याकाठचं बोलावणं संपलं, असं मी समजेन." आपांनी एकदा काही समजून घेतलं, की त्यांना समजावता येत नसे. आणि व्होल्गा गेली, की वडिलांचं म्हणून कुबातकडे नाकाशिवाय काही उरणार नव्हतं.

रिसकुल कुंपणावर रेलून वारसाहक्काच्या नजरेने चाकांकडे पाहत होता.

"बॅटरी मेली असेल, मास्तर."

"कालच चार्ज केलीय."

"मग पेट्रोल शिळं."

"नवं भरलंय. हे बघ प्लग, चौथ्यांदा पुसतोय. ओलेचिंब! पेट्रोल येतंय, ठिणगी पडतेय, पेटत काही नाही."

"आमच्या लग्नासारखंच," रिसकुल म्हणाला.

तेवढ्यात आपा आल्या. हातातल्या तव्यात आर्चाच्या, डोंगरी जुनिपरच्या, डहाळ्या धुमसत होत्या. वर्षाची इडापिडा घालवायला घर, गोठा, मेंढ्या, सगळ्यांना धूर दाखवून झाला होता. आता गाडीची पाळी.

"आपा, लांबून हां! पेट्रोल आहे."

"पेट्रोल नव्हतं तेव्हापासून हा धूर आहे," म्हणत त्या उघड्या बॉनेटपाशी उभ्या राहून मंत्र पुटपुटू लागल्या. "अलास, अलास..."

वारा पडला होता. पागोळ्या सावकाश ठिबकत होत्या. निळसर धूर गाडीभोवती असा पसरला, की चाकं दिसेनाशी झाली आणि व्होल्गा जमिनीपासून वीतभर वर तरंगतेय, असं कुबातला वाटलं. आत कुणी बसलेलंही असेल. त्याने नीट पाहायचं टाळलं.

"मार हँडल," तो हळूच म्हणाला.

रिसकुलने कण्हत पुढचं हँडल फिरवलं. हवा ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी धूर आला आणि तिथेच थांबला. दार न उघडणाऱ्या घरापुढे पाहुणा थांबावा, तसा.

"श्वासच घेत नाहीये ही," कुबात म्हणाला.

त्याने हवेच्या डब्याचं झाकण काढलं. आतली जाळी त्यानेच शरद ऋतूत धुवायला काढली होती. ती गोठ्यातल्या खिळ्यावर अजून वाळत होती. तिच्या जागी, नीट बसवलेली, वडिलांची पांढरी नमद्याची टोपी होती. त्यांची कालपाक.

कालपाक जमिनीवर ठेवत नाहीत. कुबात ती दोन्ही हातांत धरून, बॉनेटसमोर नवरदेवासारखा उभा राहिला.

"आपा, हे तुम्ही?"

"रोज स्वप्नात यायचे," आपा म्हणाल्या. "गाडीत बसलेले. म्हणायचे, बुरमा, डोक्याला गार लागतं. सकाळी येऊन झाकण काढून बघते, तर डबा रिकामा, थंडगार. घातली डोक्यावर. त्यानंतर काही बोलले नाहीत बाई."

"गाडीही बोलली नाही."

"झोप लागली असेल."

कुबातने जाळी आणून बसवली, प्लग पुसले, झाकण लावताना क्षणभर घुटमळला. "मग आता त्यांना...?"

आपांनी हात पुढे करून टोपी घेतली, तिचा धूर झटकला. "आता वसंत आलाय. उघडं डोकं चालेल."

रिसकुलने हँडल मारलं. नळीने धूर एका घोटात ओढला आणि व्होल्गा जागी झाली.

तळ्याच्या वाटेवर कालपाक आपांच्या मांडीवर होती. कुबातशेजारची पुढची सीट, नेहमीप्रमाणे, रिकामी ठेवली होती. वळणावर आपा पुढे वाकून त्या रिकाम्या सीटला म्हणाल्या, "काच वर करा."