सहा जणींची कथा

हिंगणीच्या महादेवाच्या देवळात कार्तिकस्वामीची मूर्ती वर्षभर पडद्याआड असे. बायकांना दर्शन फक्त कार्तिक पौर्णिमेला, चंद्र कृत्तिकांपाशी आला की. एरवी पाहिलं तर सात जन्म वैधव्य, असं गाव मानायचं. त्या संध्याकाळी कृत्तिकांची कथा सांगायचा मान प्रभाकररावांचा. किराणा दुकान बंद करून ते बावीस वर्षं नेमाने ती सांगत आले होते.

सप्तर्षींच्या सात बायका. त्यातल्या सहा जणींवर संशय आला. नवऱ्यांनी शहानिशा केली नाही, सरळ घराबाहेर काढलं. एकटी अरुंधती राहिली. पुढे त्या सहा जणींनी बाळ कार्तिकेयाला दूध पाजलं आणि त्यांना आभाळात जागा मिळाली.

साडेतीन वर्षांपूर्वी प्रभाकररावांची लेक सपना वडनेरहून माहेरी परत आली, ती असाच आळ घेऊन. जावई भूपेंद्रने आधी फोन केला होता. ती पिशवी घेऊन दारात उभी राहिली तेव्हा प्रभाकरराव बोलून गेले, "आगीबिगर धूर निंघते का, बाई?"

वर्षभराने भूपेंद्रच्या चुलतभावाने कबूल केलं, घरच्या भांडणात त्याने ती थाप मारली होती. पण तोवर भूपेंद्रने दुसरी बाई घरात आणली होती. सपनाचा मुलगा वेदांत तिकडेच राहिला होता.

यंदा पौर्णिमेच्या सकाळी प्रभाकरराव म्हणाले, "चाल, वडनेरले जाऊ. पोराले पाहून येऊ."

वेदांत अंगणात प्लास्टिकचा ट्रॅक्टर ओढत होता. घरातल्या त्या बाईने दोघांना पाणी आणून दिलं. मुलाने तिचा पदर धरून विचारलं, "मम्मी, हे कोन होय?"

ती गोंधळली. "मावशी होय," म्हणाली.

सपनाने ते खोडून काढलं नाही. खाली बसून तिने विचारलं, "तुहा दात पडला का रे?"

त्याने तोंड उघडून खिंड दाखवली आणि तो ट्रॅक्टरकडे पळाला.

भूपेंद्र दारात आला. "आता काऊन आले तुमी? तो विसरला. तुमीबी विसरा," एवढंच बोलून तो आत गेला.

परतीच्या बसने हिंगणघाट मागे टाकलं. मग सपना म्हणाली, "बाबा, त्या साहीजनीले कोनी परत घरी बलावलं होतं का?"

"नाई."

"आन त्याइच्या बापाईनं काय केलं?"

प्रभाकररावांनी पोथी मनातल्या मनात पुन्हा चाळली. बापांबद्दल तिच्यात एक ओळही नव्हती.

संध्याकाळी देवळापुढे बायका जमल्या. चंद्र इतका लख्ख होता, की त्याच्या शेजारच्या कृत्तिका काही केल्या दिसेनात. "कुठी आहे हो त्या?" कोणीतरी विचारलं. प्रभाकररावांनी अंदाजानेच बोट दाखवलं. कथा सांगता सांगता ते 'नवऱ्यांनी शहानिशा केली नाही' इथवर आले आणि अडखळले. "बापानंबी नाई केली," ते म्हणाले. बायकांनी हात जोडले. पडदा सरला तशी दर्शनाला रांग लागली.

सपना आली नव्हती. घरी तिने त्यांचं ताट वाढून ठेवलं होतं.

"माह्यं चुकलं, बाई," ते पाटावर बसता बसता म्हणाले. "त्या दिवशी तुले इचाराले पायजे होतं."

"हो," सपना म्हणाली. "पन आता त्याचं काय होते, बाबा? वरन वाढू?"

त्यांनी मान हलवून नको म्हटलं. तिने वरणाच्या गंजावर झाकण ठेवलं आणि आपलं ताट घेऊन ती मागच्या ओट्यावर जेवायला गेली.